डावीकडून चौथी

घरचे तिला भुंगा म्हणत. मुलगी असून भुंगी नाही, भुंगाच. एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की समोरच्याने हात टेकले तरी तिची भुणभुण थांबायची नाही, म्हणून लहानपणी हे नाव पडलं आणि तिशी उलटली तरी सुटलं नाही. तिनेही कधी हरकत घेतली नाही. अभिलेखागारात शिकाऊ म्हणून रुजू झाली त्या दिवशी ओळख करून देताना स्वतःच सांगून मोकळी झाली, "घरी मला भुंगा म्हणतात. का ते तुम्हालाही कळेलच."

अभिलेखागार म्हणजे जुने कागद, फोटो, नकाशे जपून ठेवायची जागा. जाड पडदे, गार हवा, लोखंडी मांडण्यांवर करड्या खोक्यांच्या रांगा. तिथे शाईच्या पेनाला बंदी, ओल्या हाताला बंदी आणि मोठ्याने बोलायलाही बंदी. भुंगाचं काम सुरुवातीला एवढंच, की गंजलेल्या टाचण्या कागद न फाटता काढायच्या, मऊ ब्रशने धूळ झटकायची आणि प्रत्येक वस्तूचं चार ओळींत वर्णन लिहायचं. हे काम तिला का आवडावं, असं तिच्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींना वाटे. तिथे ती दिवसभर विम्याच्या ग्राहकांचे फोन घ्यायची, पगार बरा होता, खुर्ची गुबगुबीत होती. ते सगळं सोडून ही टाचण्या काढायला गेली, म्हणजे हिचं डोकं फिरलं असंच त्यांचं मत.

डोकं फिरलं होतं हे खरंच, पण त्यालाही कारण होतं. फोनवरच्या त्या नोकरीत असताना भुंगा इंटरनेटवरच्या एका फुकट जागेवर रोज काहीबाही लिहायची. घरातलं, रस्त्यातलं, वडील गेले तेव्हाचं. वर्षानुवर्षं लिहिलं. मग एक दिवस ती जागा चालवणाऱ्या कंपनीला धंदा परवडेना आणि तिने दुकान बंद केलं. सूचना पाठवली होती म्हणे, पण ती ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता भुंगा वापरतच नव्हती. सगळं लिहिलेलं एका सकाळी जागेवर नाही. रडून झालं, शिव्या देऊन झाल्या, आणि मग तिने कानाला खडा लावला, की यापुढे आपलं जे काही असेल ते आपल्या हाताने उभं करायचं. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायलाही विचारावं लागतं, आणि मालकाने हाकललं की खिळ्यासकट निघावं लागतं.

म्हणून तिने स्वतःची वेबसाइट बांधायला घेतली. बरोबरीचे शिकाऊ हसले. "अगं, तयार साचे मिळतात. रंग निवडायचा, नाव टाकायचं, झालं!"

"मिळतात ना," ती म्हणाली, "आणि आयते मिळतात तसे आयतेच जातात."

ती एकेक ओळ स्वतः टाइप करायची. वडील टायपिंगचे क्लास घ्यायचे, त्यामुळे बोटं तयार होती, पण हे शास्त्र वेगळं. मथळा इथे सुरू होतो आणि इथे संपतो, हे यंत्राला प्रत्येक वेळी सांगावं लागतं. सुरू कर म्हणून सांगितलं आणि थांब म्हणायला विसरलं, की ते थांबत नाही. एकदा तिने एक शब्द तिरका करायला घेतला आणि थांबवायची खूण राहिली. सगळं पान वाऱ्यात वाकल्यासारखं शेवटपर्यंत तिरकं झालं. कितीतरी वेळ ती चूक सापडेना. सापडली तेव्हा तिने रिकाम्या खोलीत टाळी वाजवली. पान दिसायलाही साधंच होतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, निळ्या लिंका, ना हलणारी चित्रं ना काही. पण त्यातला स्वल्पविरामसुद्धा तिने स्वतः ठेवलेला होता, आणि या गोष्टीचा तिला इतका अभिमान होता की विचारू नका.

वर 'भुंगा' हे नाव आणि खाली ऑफिसचं नाव टाकून साइटवर तिने आपल्या घरातल्या वस्तू मांडल्या. ऑफिसात शिकायची तसंच इथेही. वस्तू कोणती, आली कुठून, झिजली किती. वडिलांच्या क्लासातला सरावाचा कागद, त्यावर एकच वाक्य पानभर. तुटक्या काडीचा चष्मा. आणि मग तो फोटो.

जुने फोटो दादाच्या घरी माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात होते. दादा म्हणजे थोरला भाऊ. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत साहेब होता, आई त्याच्याकडे राहायची. भुंगाने डबा मागितला तेव्हा तो म्हणाला होता, "ने बाई, तेवढीच जागा होईल." त्याला काय माहीत आत काय आहे.

स्टुडिओत काढलेला फोटो होता, आईचं लग्न झालं त्या सुमाराचा. आजोबा, आजी, बाबा, मग एक भोक, मग आई. भोक माणसाच्या आकाराचं होतं, कात्रीने सावकाश कापलेलं. फक्त आईच्या खांद्यावर ठेवलेली चार बोटं कापणाऱ्याने तशीच ठेवली होती. बाकी बाई गेली, बोटं राहिली.

ती बाई म्हणजे आत्या, हे भुंगाला माहीत होतं. बाबांची धाकटी बहीण. घर सोडून गेली आणि बाबांनी तिला फोटोतून कापून काढलं, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हतं. भुंगाने वर्णन लिहिलं. डावीकडून आजोबा, आजी, बाबा, आत्या, आई. आत्याच्या नावापुढे कंस केला आणि त्यात लिहिलं, 'बाबांनी कापून काढली'. पान चढवलं आणि चहा करायला गेली.

दादाचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. कोणीतरी त्याला लिंक पाठवली होती.

"घरातली लक्तरं वेशीवर टांगायला शिकवतात का तुमच्या ऑफिसात?"

"वर्णन आहे ते, दादा. आहे ते लिहिलंय."

"बाबा गेले, त्यांना आता उत्तर देता येत नाही. आणि तू त्यांना कसाई करून ठेवलंस! जगाने वाचायचं का हे?"

"जग कुठे वाचतंय? माझ्या साइटवर दिवसाला दोन माणसं येतात, त्यातली एक मी."

"भुंग्या, ऐक. रविवारी जेवायला येशील तोवर ते पान गेलेलं पाहिजे. नसेल गेलं, तर या घराची पायरी चढू नकोस."

भुंगाने फोन ठेवला. दादाच्या घराची पायरी म्हणजे आई. आईला फोनवर बोलायला जमत नसे, "हो, बरं, जेवलीस का?" यापुढे गाडी जायची नाही. तिच्याशी बोलायचं तर तिच्याजवळ बसावं लागे, आणि तो रविवार तेवढा भुंगाच्या वाट्याला यायचा. दादाने नेमकी तीच दोरी खेचली होती. भुंगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिथे तिला स्वतःची भिंत मिळाली होती तिथेही आता दुसऱ्याला विचारून खिळा ठोकायचा! नाही काढणार, ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. आई तुटली तर? तरीही नाही. आणि मग रडली.

ऑफिसात तिने आपलं दुःख प्रमुख बाईंपुढे मांडलं. बाई बारीक चणीच्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कागद हातात घेण्याआधी हात पुसायची सवय अशी लागलेली की घरी वर्तमानपत्रालाही पुसत असाव्यात. भुंगाला वाटलं, बाई पाठीवर थाप मारतील. बाईंनी पान वाचलं आणि विचारलं, "बाबांनी कापली, हे फोटोत कुठे दिसतंय?"

"बाई, घरात सगळ्यांना माहीत आहे ते."

"मला नाही दिसत. मला भोक दिसतं. तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? दिसतं ते लिहायचं. ऐकलं असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहायचं. तू ऐकीव गोष्ट कंसात घातलीस आणि तिला साक्षीदार करून टाकलंस. तेवढं काढ."

"म्हणजे तुम्हीही काढच म्हणणार?"

"पान काढ म्हणत नाही मी, भुंगा. कंस काढ."

बाईंचं बरोबर होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण काही काढलं तर दादाला वाटणार, भ्यायली. ती घरी गेली, फाइल उघडली, कंसावर बोट ठेवून बसली आणि तशीच बंद केली. बरोबर असलेल्या माणसाचं ऐकायचं नाही, कारण चूक असलेल्या माणसालाही तेच हवंय! रागाच्या भरात माणूस कसा विचार करतो ते बघा.

तिकडे दादा गप्प बसला नव्हता. त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन लावले आणि बजावलं, की भुंगाने काहीतरी वेड्यासारखं इंटरनेटवर टाकलंय, कोणी बघू नका. झालं! ज्या पानाकडे कुत्रं फिरकत नव्हतं ते पान दोन दिवसांत अख्ख्या खानदानाने उघडून पाहिलं. दूरच्या काकांनी पाहिलं, त्यांच्या जावयाने पाहिलं, आणि असं हातोहाती ते जायचं तिथे गेलं.

गुरुवारी दुपारी वाचनकक्षात एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, केस आखूड कापलेले, खांदे पुरुषासारखे रुंद. टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि खोलीभर घुमेल अशा आवाजात म्हणाल्या, "भुंगा कोण तुमच्यात?"

नकाशावर वाकलेली सगळी डोकी वर झाली. प्रमुख बाईंनी काचेपलीकडून ओठांवर बोट ठेवलं.

"मी," भुंगा कुजबुजली.

"मी तुझी आत्या."

भुंगाने तिला जवळजवळ ओढतच बाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेलं. तिथे एक बाक होता. आत्या ऐसपैस बसली. "हळू बोलायला मला जमत नाही हं. सगळी नोकरी बसच्या इंजिनाशेजारी गेली. तुझ्या दादाचा निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत आला, ते पान बघू नका. घर सोडल्यापासून त्या घरातून मला आलेला पहिला निरोप! म्हटलं, मान ठेवावा. लगेच बघितलं."

भुंगाला हसू फुटलं, पण आत्या हसत नव्हती.

"तू लिहिलंयस, तुझ्या बापाने मला कापलं."

"हो. घरात सगळे तसंच..."

"त्याच्यात तेवढा दम असता तर मला आनंदच झाला असता. मी कापलं. मी स्वतः!"

टाकीतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"बस चालवायला शिकणार म्हटल्यावर तुझे आजोबा म्हणाले, या दाराबाहेर पाऊल टाकलंस तर आम्हाला मेलीस. म्हटलं, बरं. पण मेलेल्या माणसाला भिंतीवर टांगतात, आणि मला त्यांच्या भिंतीवर टांगून घ्यायचं नव्हतं. ज्या घरात मला जागा नाही, त्या घरात मी हसत का उभी राहू? निघायच्या दिवशी फोटो उतरवला, मला कापून घेतलं आणि बाकीचा परत टांगला."

"मग घरचे असं का सांगत राहिले?"

"पोरगी सोडून गेली म्हणायला जीभ उचलत नाही. पोरगी टाकून दिली म्हटलं की मान ताठ राहते." आत्याने पर्स उघडली. बसच्या जुन्या पासाच्या मागून प्लास्टिकमध्ये घातलेला एक तुकडा काढला. एक तरुण मुलगी, हनुवटी वर, एक हात बोटांच्या मुळाशी संपलेला. भुंगाचा हात आपोआप पुढे गेला. आत्याने तुकडा आत सरकवला आणि पर्स मिटली.

"बघायला दाखवला. द्यायला नाही. तुमच्या खोक्यात जाणार नाही मी."

"नको देऊस," भुंगा म्हणाली. मग तिला राहवेना. "बोटं का ठेवलीस मागे?"

पहिल्यांदाच आत्याचा आवाज उतरला. "त्या घरात वहिनी एकटी पडणार होती. म्हटलं, खांद्यावर कोणाचा तरी हात असू दे."

आत्याला बसथांब्यापर्यंत सोडून आल्यावर भुंगा टेबलाशी बसली आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्या मुलीने आयुष्यातलं सगळ्यात धीट काम केलं होतं, आणि भुंगाने ते एका कंसात बाबांच्या नावावर चढवून टाकलं होतं. घरच्यांनी लपवण्यासाठी केलं, हिने उघडं करण्याच्या नादात केलं, पण आत्याच्या पदरात दोन्हीकडून तेच पडलं. आणि बाई सांगत होत्या तेव्हा ही दादाशी हट्ट करत बसली होती.

तिने बाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला. "दुरुस्त कर. आणि आधीचं खोडलेलं दिसू दे. तू चुकलीस हेही त्या फोटोच्या इतिहासात आलं आता."

घरी येऊन भुंगाने फाइल उघडली. कंसावर आडवी रेघ मारली, पण शब्द वाचता येतील अशी. खाली लिहिलं, 'ही माझी चूक. आत्याने स्वतःला स्वतः कापून घेतलं. तिने समक्ष सांगितलं.' त्या दिवसाची तारीख घातली. रेघ सुरू करायची खूण आणि थांबवायची खूण, दोन्ही पुन्हा पुन्हा तपासल्या. मग पान चढवलं.

रविवारी ती दादाच्या दाराशी गेली. तिने घंटी जरा जास्तच जोरात दाबली. दादाने दार उघडलं, पण बाजूला झाला नाही.

"काढलंस?"

"नाही. दुरुस्त केलं. वाच."

त्याने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर वाचलं. त्याचा चेहरा आधी सैल झाला. "म्हणजे बाबांनी नव्हतं कापलं."

"नाही. आत्या येऊन भेटली मला."

"मग प्रश्नच मिटला! बाबांवरचा डाग गेला. आता काढून टाक ते."

"का?"

"का म्हणजे? घरातली मुलगी आपल्याच माणसांना लाथ मारून गेली, हे काय मिरवायचंय?"

भुंगाला सगळं एकदम लख्ख दिसलं. बाबा क्रूर ठरले तरी पान नको, बाबा निर्दोष ठरले तरी पान नको. "दादा, तुला बाबांची काळजी नव्हतीच," ती म्हणाली. "तुला फक्त कोणी काही बोलायला नको आहे. तर ऐक, पान राहणार. तुला मला घरात घ्यायचं नसेल तर मी इथे पायरीवर बसते आणि आईला बाहेर बोलावते. दर रविवारी बसेन. माझं नाव काय आहे ते विसरू नकोस."

"तमाशा करू नकोस, शेजारी बघतायत."

"बघू देत."

आतून आई आली. ओले हात पदराला पुसत, नेहमीसारखी हळूहळू. ती दोघांच्या भांडणात कधी पडत नसे, एकाला पाणी द्यायची, दुसऱ्याला वाढायची. आज ती दादाच्या मागे येऊन थांबली.

"काय लिहिलंयस ते मला वाचून दाखव," ती भुंगाला म्हणाली.

भुंगाने वाचून दाखवलं. आईने मान हलवली. "अर्धंच आहे."

"म्हणजे?"

"कात्री मी दिली तिला. माझ्या शिवणाच्या डब्यातली. ती कापत होती तेव्हा मी दाराला पाठ लावून उभी होते, कोणी आत येऊ नये म्हणून." आई दादाकडे न बघता बोलत होती. "तिचं कापून झालं आणि तिने मला विचारलं, वहिनी, तुझंही कापू? चल माझ्याबरोबर."



"मग?" भुंगाने विचारलं.

"तेव्हा हा पोटात होता." आईने दादाच्या पाठीवर हात ठेवला, रागाने नाही. "म्हटलं, माझं राहू दे. मग घरात सगळे म्हणायला लागले तुमच्या बाबांनी कापलं, बाबांनी कापलं, आणि मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता नाही ऐकणार. भुंग्या, आत ये आणि हे सगळं लिही. कात्री कोणाची तेही लिही."

दादाचा आवाज पार बसला होता. "आई, लोक मला विचारतील. त्यांना मी काय सांगू?"

"काही सांगू नकोस," आई म्हणाली आणि त्याला हाताने बाजूला करून तिने लेकीसाठी वाट मोकळी केली. "पानाचा पत्ता दे त्यांना."